घरचा बॅकअप, मोडलेला पाय आणि लाल वही

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही गुहागर तालुक्यातले, आंब्याची कलमं आहेत आणि घराला लागूनच पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. जूनच्या पहिल्या पावसात माझ्या मिस्टरांची मोटरसायकल उतारावर घसरली, रस्त्याच्या कामाची लाल माती डांबरावर वाहून आली होती. उजव्या पायाची नडगी मोडली, ऑपरेशन करून आत रॉड घातलाय. हेल्मेट होतं म्हणून वाचले पण डोक्याला मार लागला, दोन दिवस काहीच आठवत नव्हतं. आता दोन महिने झालेत, वॉकर घेऊन घरात फिरतात. घरातल्या दोन कॉम्प्युटरचा आणि माझ्या लॅपटॉपचा बॅकअप त्यांनी राउटरजवळच्या एका डब्यात लावून ठेवलाय, त्यात दोन हार्ड डिस्क आहेत. चार दिवसांपासून तो डबा बीप बीप करतोय आणि एका डिस्कचा दिवा लाल झालाय. पासवर्ड त्यांना आठवत नाही, विचारलं की आधी चिडतात आणि मग डोळ्यात पाणी येतं. पुण्याचा भाचा म्हणतो मामी मागचं बटण दाबून रिसेट कर. करू का? त्यात बुकिंगचे हिशोब, आंब्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि सासूबाईंचे सगळे फोटो आहेत, त्या गेल्या वर्षी गेल्या.

उत्तर: ताई, बटण दाबू नका. डिस्क बाहेर काढून पुन्हा बसवून बघू नका, आणि तुमच्या हातात असेल तोवर डबा बंदही करू नका. भाच्याचं अगदीच चूक नाही, बऱ्याच डब्यांत ते बटण थोडा वेळ दाबलं तर फक्त पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग्ज जातात, डेटा राहतो, पण जास्त वेळ दाबलं की काय होतं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, त्यामुळे मॉडेल नंबर बघून त्याचं मॅन्युअल वाचल्याशिवाय त्याला हातच लावायचा नाही. बंद का करायचं नाही तेही सांगतो. तुमच्या मिस्टरांनी फोल्डर एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे कुलूपबंद करून, ठेवले असतील तर डबा चालू आहे तोवर ते उघडे असतात, एकदा बंद होऊन चालू झाला की पुष्कळदा किल्ली मागतो. आणि आपल्याकडे पावसात लाईटचा काय भरवसा, म्हणून डबा यूपीएसवर आहे का ते आज बघा, नसेल तर राउटरचा यूपीएस असेल त्यावर दोन्ही चालतील का ते इलेक्ट्रिशियनला विचारा.

आता त्या लाल दिव्याचं. दोन डिस्कच्या डब्यात साधारणपणे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं. तुमचा डबा सध्या एका पायावर उभा आहे. दुकानात गेलात तर पहिला सल्ला मिळेल की नवीन डिस्क आणा आणि लाल दिव्याच्या जागी लावा, ते करायचंच आहे पण नंतर. कारण नवीन डिस्क लावली की जुनीवरचं सगळं वाचून नवीनवर लिहायला डब्याला कित्येक तास, कधीकधी दिवससुद्धा लागतो, आणि दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असतील तर दुसरीचंही वय तेवढंच झालंय, तिच्यावर ऐन अडचणीत हा ताण यायला नको. आधी माल बाहेर काढायचा.

त्यासाठी पासवर्ड लागेलच असं नाही. ज्या कॉम्प्युटरवर मिस्टर रोज बसायचे तो चालू करा, फाईल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला नेटवर्क ड्राईव्ह दिसतो का बघा, बहुतेक तो न विचारता उघडेल कारण विंडोज एकदा दिलेला पासवर्ड जपून ठेवतं (तुम्हाला दाखवत नाही एवढंच). उघडला तर एक यूएसबीची बाहेरची डिस्क विकत आणा, डब्यात भरलेल्या मालापेक्षा मोठी, आणि तिच्यावर कॉपी सुरू करा. पहिल्यांदा सासूबाईंचे फोटो. मग हिशोब, मग गिऱ्हाइकांचे पत्ते, बाकीचं शेवटी. एकदम सगळं सिलेक्ट करून टाकू नका, मधेच अडकलं तर कुठे अडकलं तेच कळत नाही.

वायफायवरून करू नका, केबल लावा. आणि वेळ किती लागेल त्याचा अंदाज आधीच घेऊन ठेवा म्हणजे घाबरायला होणार नाही. बरेचसे स्वस्त राउटर १०० मेगाबिटचे असतात, त्यातून सेकंदाला साधारण ११ मेगाबाईट जातात, म्हणजे ५०० जीबीला बारा-तेरा तास. गिगाबिटचा राउटर असेल तर तेवढंच काम सव्वा-दीड तासात होतं. राउटर गिगाबिटचा असून वेग १०० चाच येत असेल तर केबल बदलून बघा, आठातल्या चारच तारा जोडलेली केबल असली की असं होतं, आमच्याकडे हे मी वर्षभर ओळखलं नव्हतं.

अजून एक गोष्ट तपासा, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सासूबाईंचे फोटो फक्त डब्यातच आहेत की कॉम्प्युटरवरही आहेत? पुष्कळ घरांत असं होतं की कॉम्प्युटर भरला म्हणून फोटो डब्यात हलवले, आणि सगळे म्हणत राहतात की त्याचा बॅकअप आहे. हलवले तर तो बॅकअप राहिला नाही, ती एकुलती एक प्रत झाली. डब्यात दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती असंही धरायचं नाही, कारण चुकून एक फोल्डर डिलीट झालं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. वीज पडली, पाणी शिरलं, चोरी झाली तरी तेच.

आता पासवर्डचं, आणि इथे मला माझंच सांगावं लागेल. मागच्याच्या मागच्या वर्षी नोव्हेंबरात मी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे आरे-वारेच्या रस्त्याने जात होतो, वळणावर गुरं आडवी आली, ब्रेक मारला आणि गाडी सकट पडलो. डाव्या बाजूचं गळपट्टीचं हाड आणि उजवा घोटा मोडला. हॉस्पिटलात बायकोला विचारलं पॉलिसी कुठली, तर कंपनीचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं, तिची चूक काहीच नाही, मी कधी सांगितलंच नव्हतं. पॉलिसीची पीडीएफ घरच्या सर्व्हरवर, एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये, तीन-तीन ठिकाणी बॅकअप घेतलेली, आणि पासवर्ड माझ्या डोक्यात, आणि मी भुलीच्या आणि दुखण्याच्या औषधात. तिने माहेरून पैसे आणून डिपॉझिट भरलं. घरी आल्यावर मी डाव्या हाताला झोळी बांधलेला, उजव्या हाताने पासवर्ड टाकायला बसलो तर येईना. तोंडाने म्हणून बघितला तरी येईना. तो पासवर्ड मला शब्दात पाठच नव्हता, दोन्ही हातांच्या बोटांना पाठ होता. फिजिओने डावा हात हलवायला सांगितला तेव्हा एक दिवस दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि तो आपोआप टाईप झाला.

म्हणून तुमच्या मिस्टरांना विचारू नका, बसवा. त्यांची नेहमीची खुर्ची, त्यांचाच कीबोर्ड, पाय समोर स्टुलावर उशी घालून वर, आणि स्क्रीनवर लॉगिनचं पान न उघडता साधं नोटपॅड उघडून द्या. बरेच डबे पाच-दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला की त्या कॉम्प्युटरला काही वेळ किंवा कायमचं बंद करतात, नोटपॅडमध्ये शंभर वेळा चुकलं तरी काही बिघडत नाही. सकाळी बसवा, झोप झालेली असताना, आणि दहा-पंधरा मिनिटांत उठवा. नाही आलं तर नाही. त्यांच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड असतात तेही बघा, कॉम्प्युटरचा पिन टाकला की ते दिसतात, डब्याचा त्यात असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि ताई, ते चिडणं आणि रडणं ह्याकडे त्यांचा स्वभाव म्हणून बघू नका. डोक्याला मार लागल्यावर विसरणं, लक्ष न लागणं, उजेडाचा आणि स्क्रीनचा त्रास, आवाज सहन न होणं, चिडचिड, हे सगळं त्या दुखापतीचाच भाग असतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. तुमच्याकडे दोन महिने झालेत तर एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच, चिपळूणला किंवा रत्नागिरीला जावं लागलं तरी जा. त्यातही डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागले, बोलताना जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय जड वाटला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. कवटीच्या आत हळूहळू झिरपणारं रक्त कधीकधी मार लागून काही आठवड्यांनीही त्रास देतं, वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायचं.

पायाबद्दल एवढंच सांगतो की नडगीचं हाड लवकर जुळणाऱ्यातलं नाही, रॉड घातला तरी चार ते सहा महिने धरून चाला, कधी त्याहून जास्त. किती वजन टाकायचं ते ऑपरेशन करणारे डॉक्टर एक्सरे बघून सांगतील, शेजाऱ्यांचं ऐकून वॉकर सोडू नका. सिगारेट, तंबाखू, मिश्री, काहीही चालू असेल तर ते हाड जुळायला उशीर करतं. आपल्याकडे कुणीतरी हाडवैद्याकडे तेल लावून चोळायला न्या म्हणून सांगतंच, प्रेमाने सांगतात पण रॉड घातलेला पाय चोळायला देऊ नका. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर तीही तातडीने दवाखान्यात जायची वेळ आहे, रक्ताची गाठ झालेली असू शकते.

ह्या सगळ्यात एक काम तुम्ही बाहेरची डिस्क आणाल तेव्हाच उरकून घ्या. डिस्चार्ज कार्ड, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, पोलिसांत नोंद झाली असेल तर त्याची प्रत, गाडीचे आणि लायसनचे कागद, सगळ्याचे फोनवर सरळ, स्वच्छ फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. सीटी स्कॅनची सीडी दिली असेल तर ती कुणाकडे ड्राईव्ह असेल तिथे नेऊन अख्खीच्या अख्खी कॉपी करून आणा, त्यातली नुसती चित्रं नको, कारण डॉक्टरांना तपासणीचा मूळ डायकॉम डेटा लागतो आणि तो सगळ्या फोल्डरांत विखुरलेला असतो. आपल्या हवेत सीडीला बुरशी धरते. दुसऱ्या गाडीची चूक असती तर नुकसानभरपाईच्या अर्जाची मुदत कायद्यात आता सहा महिन्यांची केलीय, तुमची गाडी आपोआप घसरली असं दिसतंय, तरी स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत मालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते बघा आणि वकिलाला एकदा विचारा, हे पुढे ढकलू नका.

सगळं बाहेर निघालं, नवीन डिस्क बसली, डबा हिरवा झाला, की एक वही करा. आमच्याकडे लाल कव्हरची आहे, देवघराच्या खालच्या खणात असते. त्यात डब्याचा मॉडेल नंबर, पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली, विंडोजच्या बिटलॉकरची (कॉम्प्युटरची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ आकड्यांची किल्ली, विम्याच्या कंपन्यांची नावं आणि पॉलिसी नंबर, आणि एक पान फक्त असं की फाईल परत कशी मिळवायची, कुठलं बटण, मग कुठलं बटण, माझ्या बायकोच्या अक्षरात लिहिलेलं. मी सांगितलं आणि तिने लिहिलं, कारण मी लिहिलं असतं तर मला जे सोपं वाटतं ते मी गाळलं असतं. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात ते ऑफिसात ठीक आहे, घरात तुमच्या पासवर्डवर डोळा ठेवून बसणारा चोर येण्यापेक्षा तुम्ही दवाखान्यात असण्याची शक्यता जास्त. आणि दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघत असताना, ती डब्यातून कुठलीही एक फाईल काढून उघडून बघते. पहिल्या वेळेला चाळीस मिनिटं लागली, आता पाच लागतात. मी त्या वेळेला त्या खोलीत थांबत नाही.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. डिस्कचं काय झालं ते जरूर कळवा.

प्रश्न: चिपळूणला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, २०२१ च्या पुरात कॉम्प्युटर आणि त्याच्या बाजूलाच ठेवलेली बॅकअपची डिस्क दोन्ही गेले. आता डिस्क वरच्या मजल्यावर ठेवतो. पुरेसं आहे का? क्लाउडवर टाकायचं तर आमचं नेट चालत नाही.

उत्तर: पुरासाठी पुरेसं, बाकीच्यासाठी नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा पुष्कळांचा वरचा मजला वाचला हे खरं, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वरच्याच बाजूचे पत्रे आणि कौलं उडाली आणि पाऊस थेट माळ्यावर आला. म्हणून जुना नियम आहे ३-२-१ चा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत गावाबाहेर.

गावाबाहेरच्या प्रतीसाठी नेटच लागतं असं नाही. तुमचा भाऊ, बहीण कुणीतरी मुंबईला असेल, चाकरमानी नाही असं आपल्याकडे घर नाही. दोन डिस्क घ्या. गणपतीला येताना त्याने एक आणायची, तुमच्याकडची दुसरी ताज्या बॅकअपसकट तयार असतेच, जाताना ती त्याच्याबरोबर जाते, आणि त्याने आणलेलीवर तुम्ही नवीन बॅकअप घ्यायचा. शिमग्याला पुन्हा तेच. वर्षातून दोनदा होतं, मध्ये कुणी आलं-गेलं तर तिसऱ्यांदा. डिस्कला पासवर्ड लावा म्हणजे गाडीत हरवली तरी गिऱ्हाइकांची उधारी लोकांना वाचायला मिळणार नाही, आणि तो पासवर्ड दोन्ही घरांत लिहिलेला हवा. रोजचं टॅलीचं खातं मात्र क्लाउडवर टाकाच, ते छोटं असतं. सगळंच टाकायला गेलात तर ५ मेगाबिटच्या अपलोडवर २०० जीबीला जवळपास पावणेचार दिवस अखंड लागतात, आणि अखंड असं आपल्याकडे काही नसतं.

डिस्क ठेवायची ती पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्याआधी पुड्या बदलायच्या. खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढतो तो तुम्ही हार्डवेअरवाले असल्याने तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: गुगल ड्राईव्हला सिंक लावलंय, तोच बॅकअप ना?

उत्तर: नाही. तुम्ही इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग कायमचं जातं. रॅन्समवेअरने, म्हणजे फाईली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, फाईली लॉक केल्या तर लॉक झालेल्याच वर जातात, जुन्या आवृत्त्या थोडे दिवस मिळतात पण हजारो फाईली एकेक करून परत आणणं किती जिकिरीचं असतं ते विचार करा. केबल काढून बाजूला ठेवलेली एक डिस्क असू दे.

प्रश्न: देवगडला घर आणि समोरच्या आवारात होमस्टे, दोन्हीमध्ये लॅन केबल टाकलीय. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दोन्हीकडचे राउटर, टीव्ही आणि बॅकअपचा डबा एकदम गेले. स्टॅबिलायझर होता तरी?

उत्तर: स्टॅबिलायझर लाईटच्या तारेवर होता, झटका लॅनच्या केबलमधून आला असणार. अंगणातून गेलेली तांब्याची लांब तार म्हणजे विजेला आयतीच वाट. त्या दोन इमारतींमध्ये फायबर टाका, त्याच्यातून वीज वाहत नाही आणि दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर आता फार महाग राहिलेले नाहीत, नाहीतर वायरलेस जोडणी करा. आणि अर्थिंग तपासून घ्या, जांभ्या कातळात ते नीट लागत नाही, नुसता रॉड ठोकून वरून माती टाकलेली असते. मे महिना आणि ऑक्टोबर, ढग काळे दिसले की प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढायच्या, एक काढून भागत नाही.

प्रश्न: दादा, तुमच्या अपघाताबद्दल मागे वाचलं होतं. आता मोटरसायकल चालवता का? माझाही घोटा मोडलाय, कधी चालवायला मिळेल?

उत्तर: चालवतो, पण सात महिन्यांनी सुरू केली. डॉक्टरांनी मला तारीख दिली नव्हती, एक परीक्षा दिली होती. गाडी मेन स्टँडवर उभी, इंजिन बंद, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक पूर्ण ताकदीने एकदम दाबायचा, लागोपाठ वीस वेळा, दुखून पाय मागे न घेता. नंतर त्याच पायावर दोन मिनिटं उभं राहायचं, कारण सिग्नलला गाडी कुठल्याही बाजूला कलू शकते. पाचव्या महिन्यात माझं बारा वेळा दाबून झालं आणि तेराव्याला पाय आपोआप मागे आला, तेव्हा मी चावी परत आत नेऊन ठेवली. दुखण्याच्या गोळ्यांनी झोप येत असेल तर परीक्षासुद्धा देऊ नका. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझं हाड वेगळं होतं.

पडताना डोक्यात होतं ते हेल्मेट टाकून द्या, वरून एक ओरखडा दिसत नसला तरी. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि दबून तुमचं डोकं वाचवतो, दुसऱ्यांदा त्याच्यात दम राहिलेला नसतो. टाकण्याआधी त्याचा पट्टा कापून टाका म्हणजे दुसरं कुणी उचलून घालणार नाही.